एड्नाच्या ओव्हनमधला क्लच

बायको प्रार्थनामंदिरातल्या बायकांच्या सभेला गेल्याची खात्री करून हॉरेस बॅग्शॉने तिच्या ओव्हनमध्ये मोटारसायकलच्या क्लचची प्लेट ठेवली, आणि तेवढ्यात दारावर टकटक झाली.

प्लेट अ‍ॅल्युमिनियमची होती, नवी कोरी, बशीएवढी, आणि हातात घेतली तर बशीपेक्षा हलकी. तिच्या मधोमध एक बेअरिंग बसवायचं होतं, आणि ते हातोड्याने ठोकून बसवणं म्हणजे निव्वळ अडाणीपणा. प्लेट ओव्हनमध्ये तापवायची म्हणजे ती जराशी फुगते. बेअरिंग बर्फात ठेवायचं म्हणजे ते जरासं आकसतं. मग दोन्ही बाहेर काढून एकात एक टाकलं की बाळ पाळण्यात निजवावं तसं बेअरिंग अलगद जागेवर बसतं. हॅदरली गावातले सगळे मोटारसायकलवाले हे असंच करत. त्यांच्या बायकांनी या प्रकाराला वेगळं नाव ठेवलेलं होतं, पण त्या प्रार्थनामंदिरात जाणाऱ्या असल्यामुळे ते मोठ्याने घेत नसत.

हॉरेसने दार उघडलं. दारात मेव्हिस ग्रेटोरेक्स उभी होती, डोक्याला रुमाल, हातात चाकांची पिशवी.

हॉरेसने मागे वळून ओव्हनचं दार नीट बंद आहे ना ते पाहिलं. कारण ओव्हनमधली प्लेट तिच्या नवऱ्याची होती, आणि तिला ते कळू देणार नाही अशी शपथ त्याने कालच घेतली होती.

तिचा नवरा विल्फ. रेल्वेत सिग्नलमन म्हणून त्याने उभा जन्म काढला. सिग्नलचे ते माणसाएवढे दांडे ओढून ओढून त्याचे हात असे झाले होते, की गावात कोणाचा नट गंजला तर पाना शोधायच्या आधी विल्फला शोधत. त्याच्याकडे एकोणीसशे पन्नासच्या आगेमागे बनलेली काळी मोटारसायकल होती, आणि तिच्या डाव्या अंगाला मेव्हिसची साइडकार. दर वर्षी मे महिन्यात जुन्या मोटारसायकलींच्या क्लबाची फेरी बक्स्टनला जाई. मेव्हिस मांडीवर केकचा डबा घेऊन साइडकारमध्ये बसे. त्या दोघांचं लग्नानंतरचं पहिलं फिरणं तेच, आणि पुढचंही सगळं तेच.

पण त्या जुन्या गाड्यांचे क्लच लोखंडी होते, आणि त्यांच्या स्प्रिंगा अशा की क्लच दाबायचा म्हणजे मनगटाची परीक्षा. गेल्या वर्षी क्रॅकल बँकच्या चढावर, पुढे ट्रॅक्टर आडवा आला म्हणून सगळे थांबले, तेव्हा विल्फचा डावा हात सुटला. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. केकवरचं क्रीम मेव्हिसच्या नाकाला लागलं. "पेट्रोलमध्ये पाणी आहे," असं विल्फ म्हणाला. घरी आल्यावर मात्र त्याने जाहीर केलं, "पुढच्या वर्षी ही तिथे बंद पडली, तर संग्रहालयाला देऊन टाकीन." आणि तो बोललेलं करणारा माणूस होता. म्हणून यंदा त्याने हॉरेसच्या शेडमध्ये गाडी आणून लावली, बाहेर फक्त एक रॉबिन पक्षी बसला होता तरी आवाज खाली आणून म्हणाला, "हात थकलाय, हॉरेस. हे हलकं सामान बसव. पण मेव्हिसला कळता कामा नये. ती मला साइडकारमध्ये बसवेल आणि स्वतः चालवेल."

घरी त्याने सांगितलं होतं की कार्बोरेटर साफ करायला दिलाय.

"एड्ना नाही ना घरात?" मेव्हिसने आत येत विचारलं. "बरं झालं. तुझ्याशीच काम आहे, बदका."

डर्बीशायरमध्ये पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळेच एकमेकांचे बदक असतात. तरी त्या दिवशी हॉरेसला आपण खरोखरच ओव्हनजवळ उभं असलेलं बदक आहोत असं वाटलं.

मेव्हिसने पिशवीतून खोका काढून टेबलावर ठेवला. "विल्फची गाडी कार्बोरेटरसाठी तुझ्याकडे आहेच. तर त्याच हाताने हेही बसवून टाक. पण त्याला कळता कामा नये."

हॉरेसने खोका उघडला. आत अ‍ॅल्युमिनियमची प्लेट होती, हलक्या चकत्या होत्या, मऊ स्प्रिंगा होत्या. शेडमध्ये जो रिकामा खोका पडला होता, त्याचा हा जुळा भाऊ.

"हे... हे तू कुठून आणलंस?"

"क्लबाच्या मासिकातून. माझ्या डोळ्यांपुढे देवाने धरलं म्हण ना. मासिक टेबलावर ठेवलं की आपोआप त्याच पानावर उघडायचं. तीनदा ठेवलं, तीनदा तेच पान. मी म्हटलं, हा संकेत आहे."

ते पान आपोआप का उघडत होतं, हे हॉरेसला पक्कं ठाऊक होतं. विल्फने ते रात्रंदिवस उघडं धरून मासिकाचा कणा मोडला होता.

"त्याचा हात गेलाय, हॉरेस," मेव्हिस खुर्चीत बसत म्हणाली. "मला म्हणतो पेट्रोलमध्ये पाणी. सकाळी मार्मलेडच्या बरणीचं झाकण उघडत नाही त्याला. मी तो खाली यायच्या आधी सगळी झाकणं सैल करून ठेवते. आता क्लचचं झाकण काही माझ्याच्याने सैल होणार नाही. ते तू कर. गाडी गेली ना, तर हा माणूस खिडकीत बसून सुकून जाईल." तिने नाक ओढलं. "कसला वास येतोय? काहीतरी भाजतोयस?"

"पुडिंग," हॉरेस म्हणाला. "यॉर्कशायर पुडिंग."

"रविवारचं पुडिंग मंगळवारी?"

"सराव करतोय."

"एड्नाला आश्चर्याचा धक्का देणार वाटतं! बघू, फुगलीत का?" मेव्हिस उठली.

हॉरेसने ओव्हनच्या दाराला पाठ लावली. "दार उघडलं की बसतात ती!"

हे मात्र मेव्हिसला पटलं. यॉर्कशायर पुडिंग फुगत असताना ओव्हनचं दार उघडणारी बाई त्या भागात जन्मलेली नव्हती. ती परत बसली. आता बसलीच आहे म्हटल्यावर चहा विचारणं भाग होतं. चहा म्हटला की दूध आलं, आणि दूध म्हटलं की फ्रिज, जिथे मटारच्या पाकिटावर बेअरिंग गारठत पडलं होतं. हॉरेसने दूध स्वतः उडी मारून आणलं. मेव्हिस चहा हळू पीत असे. पाठीमागे प्लेट तापत होती, आणि हॉरेसच्या पाठीचंही बेअरिंग बसायच्या बेताला आलं होतं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि एड्ना आली. सभा लवकर आटोपली होती. पाद्रीबाईंना सर्दी झाली होती. एड्ना म्हणजे काही विचारत बसणारी बाई नव्हे. तिने एकदा वास घेतला, हातमोजे चढवले, नवऱ्याला कमरेच्या एका धक्क्याने बाजूला सारलं आणि ओव्हन उघडला.

"हॉरेस बॅग्शॉ! माझ्या ओव्हनमध्ये पुन्हा मोटारसायकल!"

धूर निघणारी प्लेट तिने टेबलावर आदळली, नेमकी उघड्या खोक्यातल्या प्लेटशेजारी. दोघी शेजारी शेजारी चमकत राहिल्या. मेव्हिसने एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं.

"ही कोणाची?"

खरं सांगणं म्हणजे विल्फचा घात. "माझी" म्हणावं, तर गाडीला पैसे आहेत तर मलाही हवं म्हणत एड्ना तिथल्या तिथे नवं शिलाई मशीन मागणार. हॉरेसच्या डोक्यात एक नाव आलं, आणि ते का आलं हे त्याला नंतर कधीच सांगता आलं नाही.

"पर्सी हिबर्टची."

पर्सी हिबर्ट क्लबाचे सेक्रेटरी. सरकारी वजनमापं तपासण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले, रविवारीही बो टाय लावणारे गृहस्थ. 'कारखान्यातून जसं आलं तसंच स्वर्गात गेलं पाहिजे' हे त्यांचं ब्रीद. क्लबातल्या सगळ्या गाड्या एकाच कारखान्याच्या, एकाच काळ्या रंगाच्या. त्यातली सर्वांत अस्सल कोणती ते पाहून पर्सी दर वर्षी चांदीचा पेला देत. एकाने प्लास्टिकच्या मुठी बसवल्या तेव्हा त्यांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं होतं, त्यानंतर तो गृहस्थ टेनिस खेळू लागला.

"पर्सी!" मेव्हिस म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे त्यांचाही हात... अरे देवा. आणि आम्ही त्यांना दगड समजत होतो."

"कोणाला बोलू नकोस हं," हॉरेस घाईने म्हणाला.

"कोणालाच नाही," मेव्हिस म्हणाली, आणि ती शब्दाला जागली. दुसऱ्या दिवशी ती फक्त पर्सी हिबर्टकडेच बोलली.

तिने पार्किन नेला होता, ओटचा आणि काकवीचा केक, चिकट, आठ दिवस मुरलेला. "तुमचे आभार मानायला आले, मिस्टर हिबर्ट," ती म्हणाली. "तुमच्यासारख्या माणसाला अ‍ॅल्युमिनियम चालतं म्हटल्यावर माझ्या मनावरचं ओझं उतरलं. घाबरू नका. माझ्या पोटात राहील." आणि पर्सी हिबर्टना एक शब्द बोलू न देता, त्यांचा डावा हात दोन्ही हातांत घेऊन दाबून, ती निघून गेली.

त्याच दुपारी पर्सी हॉरेसच्या शेडमध्ये आले. त्यांनी दार आतून लावून घेतलं. हॉरेस विल्फच्या गाडीत क्लच बसवून, झाकण घट्ट करून, हात पुसत होता. त्याचे हात थांबले.

"मिस्टर हिबर्ट, माफ करा. तोंडातून निसटलं."

"निसटलं!" पर्सींचा बो टाय थरथरला. "पण तुम्हाला कळलं कसं? मी हे मुद्दाम स्टोकच्या माणसाकडून बसवून घेतलं! तो तर मोटारसायकलवाल्यांत उठतबसतसुद्धा नाही!"

हॉरेस उपड्या बादलीवर बसला.

"किती दिवस झाले?" त्याने शेवटी विचारलं.

"चार वर्षं," पर्सी पडलेल्या आवाजात म्हणाले. "अंगठ्याच्या सांध्यात आहे. पेन्सिलसुद्धा... बॅग्शॉ, हे बाहेर गेलं तर मला क्लबात तोंड दाखवायला जागा नाही."

अशा रीतीने हॉरेसच्या पोटात तीन गुपितं झाली. त्याचं पोट तसं लहान नव्हतं, पण तीनही गुपितं एकाच गोष्टीची असल्यामुळे ती एकमेकांना धक्के देत होती. रात्री जेवताना तो बोलत नसे, न जाणो काय बाहेर पडेल. एड्नाला वाटलं पोट बिघडलंय. तिने त्याला एरंडेल दिलं.

आता प्रश्न उरला मेव्हिसच्या खोक्याचा. परत करावा, तर विल्फचं गुपित फुटतं. शेडमध्ये ठेवावा, तर शनिवारी विल्फ गाडी न्यायला येणार, आणि दुसऱ्याच्या शेडमधली फडकी उचलून खाली काय आहे ते पाहिल्याशिवाय त्या पिढीतला एकही पुरुष तिथून बाहेर पडत नसे. घरात ठेवावा, तर एड्ना. हॉरेसने शुक्रवारभर विचार केला. शेवटी त्याच्या लक्षात आलं, की क्लचची प्लेट लपवायला जगात सर्वांत उत्तम जागा म्हणजे क्लच. त्याची स्वतःची गाडी कोपऱ्यात उभीच होती. या वेळी बेअरिंगसाठी प्लेट त्याने किटलीतलं उकळतं पाणी ओतून तापवली, आणि रात्रीपर्यंत मेव्हिसचा खोका रिकामा झाला.

काम झाल्यावर त्याने सहज लिव्हर दाबून पाहिला. मग पुन्हा दाबला. मग बराच वेळ शेडमध्ये नुसताच बसून दाबत राहिला. आपलंही मनगट इतकी वर्षं दुखत होतं, हे त्याला ते दुखायचं थांबल्यावर कळलं.

फेरीच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. काळ्या गाड्या ओळीने निघाल्या: पुढे पर्सी, मग विल्फ आणि साइडकारमध्ये मेव्हिस, त्यांच्यामागे हॉरेस, त्याच्या पाठीला एड्ना आणि एड्नाच्या पाठीला डब्यांची पिशवी, आणि मग बाकीचे. क्रॅकल बँकचा चढ लागला. मध्यावर आल्यावर उजवीकडचं फाटक उघडलं आणि मेंढ्या रस्त्यावर आल्या. एका मेंढीमागून दुसरी, काही घाई नसल्यासारख्या. सगळी रांग थांबली. त्या गाड्यांत गरम असताना, तेही चढावर, न्यूट्रल सापडणं नशिबाची गोष्ट; तेव्हा गिअरमध्ये राहायचं, क्लच दाबून धरायचा आणि सोसायचं.

मेव्हिसने केकचा डबा छातीशी धरला आणि डोळे मिटले.

गाडीने उडी मारली नाही. तिने एक डोळा उघडला. विल्फ वर ताठ बसला होता. दात आवळलेले होते, कपाळाला आठ्या होत्या, चेहरा सिग्नलचा दांडा ओढताना व्हायचा तसाच. पण डाव्या हाताची फक्त दोन बोटं लिव्हरवर होती, आणि ती थरथरत नव्हती. पुढे पर्सींनीही दात आवळले होते. मागे सगळ्या रांगेने दात आवळले होते. असे कष्टी चेहरे त्या चढावर कधी कोणी पाहिले नसतील. आणि त्या सगळ्या कण्हण्यात एक शिट्टी ऐकू येत होती, आरामात, तालावर.

हॉरेस मेंढ्यांकडे पाहत शिट्टी वाजवत होता.

बक्स्टनच्या चहाघरात सगळे बसले, पोर्क पाय, म्हणजे मांस भरलेल्या जाड कचोऱ्या, कापल्या गेल्या, आणि पर्सी हिबर्ट उभे राहिले. चार वर्षांचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची संधी माणसाला रोज मिळत नाही.

"पेल्याची घोषणा करण्याआधी," ते म्हणाले, "एक खुलासा हवा आहे. बॅग्शॉ, आज क्रॅकल बँकवर क्लच दाबून तुम्ही शिट्टी वाजवत होतात."

"बरोबर!" कोणीतरी ओरडलं. "लोखंडी क्लच दाबून शिट्टी? मी तर देवाचं नाव घेत होतो!"

"अ‍ॅल्युमिनियम बसवलंय लेकाने!"

"पुढच्या वर्षी बाबागाडी घेऊन येईल!"

"एड्ना, तूच चालव आता, त्याला पिशवीत घाल!"

हॉरेसचे कान लाल झाले. त्याने विल्फकडे पाहिलं नाही, मेव्हिसकडे पाहिलं नाही, पर्सीकडे तर मुळीच नाही. "बसवलंय," तो म्हणाला, आणि पोर्क पायचा तुकडा तोंडात कोंबला, म्हणजे पुढचं काही बोलता येऊ नये.

हशा वाढला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. विल्फ उठला होता.

"हसू नका," तो म्हणाला. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण सिग्नलमनने हात वर केला की गाडी थांबते. "माझ्याही गाडीत आहे. याच माणसाने बसवलंय. मी शपथ घातली म्हणून हा तुमची टर ऐकून घेतोय. माझा हात गेलाय. गेल्या वर्षी पेट्रोलमध्ये पाणीबिणी काही नव्हतं. आज मी वर आलो तो हॉरेसमुळे, आणि त्याचे आभार मी शेडमध्ये नाही, इथे मानणार."

मेव्हिसने हातातला चमचा खाली ठेवला.

"मला माहीत आहे, विल्फ," मेव्हिस हळूच म्हणाली. "ते सामान मीच आणलं."

"तू? ते मी आणलं!"

दोघांनी हॉरेसकडे पाहिलं. हॉरेसने तोंडातला घास गिळला.

"विल्फच्या गाडीत विल्फचं आहे," तो म्हणाला. "मेव्हिसचं माझ्या गाडीत आहे. लपवायला जागा नव्हती."

"मग ओव्हनमधली ती पर्सींची..." मेव्हिसच्या तोंडून निघालं आणि तिने तोंडावर हात धरला. पण उशीर झाला होता. सगळ्या माना सेक्रेटरींकडे वळल्या. पर्सी हिबर्टनी बो टाय सारखा केला. एकदा दाराकडे पाहिलं, एकदा विल्फकडे.

"माझी ओव्हनमध्ये नव्हती," ते म्हणाले. "माझी स्टोकमध्ये बसवली. चार वर्षांपूर्वी."

मागच्या टेबलावरून कोणीतरी खाकरलं. "माझी गेल्या हिवाळ्यात." "माझी मुलाने वाढदिवसाला दिली." "मी तर फक्त स्प्रिंगा..." बाबागाडीची कोटी करणारा सर्वांत शेवटी उठला, त्याने खाली बघत सांगितलं की त्याने क्लचबरोबर लिव्हरही बदललाय.

कारखान्यातला क्लच जसाच्या तसा असलेली एकही गाडी क्लबात उरली नव्हती. अस्सल यंत्राचा पेला टेबलावर उगाच चमकत राहिला. शेवटी पर्सींनी तो उचलला आणि एड्नापुढे ठेवला. "मिसेस बॅग्शॉ, तुमचा तो ओव्हन कधीचा?"

"लग्नातला," एड्ना म्हणाली. "एक नटसुद्धा बदललेला नाही."

पेला एड्नाच्या ओव्हनला मिळाला. तो बरीच वर्षं तिच्या स्वयंपाकघरात होता. एड्ना त्यात लाकडी चमचे ठेवत असे. आणि हॉरेसला त्या दिवशी इतक्या बायकांनी इतके केक बांधून दिले, की परतताना एड्नाला बसायला जागा राहिना.

येताना उतार संपल्यावर रेल्वेचं फाटक लागलं. सपाटीवर विल्फला न्यूट्रल पहिल्या झटक्यात सापडलं. गेली काही वर्षं असं थांबलं की तो डावा हात हळूच खिशात घालून चोळत असे. मेव्हिस तेव्हा मुद्दाम शेताकडे बघे. आज तो हात खाली आला आणि तिच्या खांद्यावर विसावला.

"हात लिव्हरवर ठेव," ती म्हणाली.

"राहू दे. त्याला आता फारसं काम नाही." आगगाडी धडधडत गेली, पण फाटक उघडायला अजून वेळ होता. "मेव्हिस, मार्मलेडची झाकणं तूच सैल करून ठेवतेस ना?"

"कुठली झाकणं?" मेव्हिस म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला नवी बरणी होती. विल्फने ती पोटाशी धरली. दात आवळले, कपाळाला आठ्या घातल्या, क्रॅकल बँकवर झाला होता तसाच चेहरा केला आणि झाकण फिरवलं. ते बोट लागताच सुटलं.

"बाई गं," मेव्हिस टोस्टला लोणी लावत म्हणाली, "काय ताकद आहे या माणसात!"